सुतकात चालवलेला डंक

लालबाग,
तेराव्याची दुपार

तीर्थरूप सुचित्राआत्यास धनेशचा वाकून नमस्कार.

हे पत्र मी नाना गेले त्याच दिवशी लिहायला हवं होतं. आज तेरावा आहे. मधल्या दिवसांत एकदा पेन मिळालं नाही, एकदा कागद, आणि दोन्ही मिळाले त्या दिवशी पाकीट आणायला म्हणून निघालो तो वरळी कोळीवाड्यात होडी रंगवणारे बघत बसलो. शिव्या द्यायच्या तर आत्ताच देऊन घे. तुझा गुडघा कसा आहे? काजू बरे झाले का यंदा? इकडे आजी बरी आहे, म्हणजे जेवते. बाबा बरे आहेत, म्हणजे बोलत नाहीत. नाना गेल्याचं त्यांनी फोनवर सांगितलं तेव्हा तू ‘बरं’ म्हणालीस आणि ठेवलास. त्यानंतर तुझा फोन बंदच. म्हणून पत्र.

भेटायला येणारा प्रत्येक जण सांगतो की नानांनी एकाहत्तरची लढाई बघितली. आम्हाला घरात ती लढाई कधी दिसलीच नाही. मी लहानपणी खोदून विचारलं होतं, तर म्हणाले, “थंडी फार होती आणि डाळ पातळ होती.” डावा कान तिकडेच तोफेपाशी ठेवून आले, एवढं आजीकडून कळलं. फौज सुटल्यावर गिरणीत चिकटवतो म्हणणारे चार जण होते, पण नानांनी फंडाच्या पैशातून घराखालच्या गाळ्यात मसाला कुटायचा डंक टाकला. का, तर म्हणे डंक चालू असला की सगळेच बहिरे, मग माझं कोणाला कळत नाही. (हे त्यांनी मला सांगितलं आणि वर दम दिला की आजीला सांगू नको. आजीला पन्नास वर्षं माहीत होतं.) संध्याकाळी शटर ओढून वर आले की दारातच उभं राहून घरातली माणसं मोजायची, मगच चप्पल काढायची. मी गोकर्णला, हंपीला, कुठेतरी उनाडत असलो की म्हणायचे, “धनेश रजेवर.” तुझ्यासाठीही तेच म्हणायचे. अकरा वर्षं, रोज. एकदा बाबा वैतागले, “नाना, ती रजेवर नाही, ती गेली.” त्या दिवशी नाना जेवले नाहीत. तू चौदाव्या वर्षापासून डंकावर उभी राहिलीस आणि त्यांनी गाळा पुढे बाबांना देणार म्हणून सांगितलं, म्हणून तू घर सोडलंस. हे त्यांचं चुकलंच. मेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात, पण ते जिवंत असताना बोलायची माझी छाती नव्हती.

आता झालं ते सांगतो. चौथ्या दिवशी शेजारच्या चाळीतल्या कमलाबाई आल्या. येऊन जिन्यावरच बसल्या, मांडीवर डबा. दोन किलो मिरची त्यांनी नाना जायच्या आदल्या दिवशी भाजून ठेवलेली, आणि भाजलेलं सामान सुतक पाळत नाही, मऊ पडतं. नुसतं झाकण उघडून मिरची दाबून बघत होत्या. मला ते बघवेना. खाली गेलो, शटर अर्धं उचललं, आणि नानांना हजार वेळा चालवताना बघितलेला डंक चालू केला. (बघणं आणि करणं यात काय फरक असतो ते माझ्या एफवायच्या मास्तरांनीही मला समजावलं होतं.) दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये नाना उखळ कुंच्याने झाडायचे, बंदूक साफ करावी तसे. मी झाडलं नाही. आत शेवटची कुटलेली होती हळद. कमलाबाईंनी मुठीत मसाला घेऊन उजेडात धरला आणि म्हणाल्या, “ह्यो मसालो की पिठला रे, मेल्या?”

एवढ्यावर भागलं असतं. पण सामान झाकायला मी विसरलो, आणि मिरचीचा खकाणा सरळ वर आपल्या खोलीत गेला. तिथे भेटायला आलेली वीसेक माणसं. पाच मिनिटांत सगळी ढसाढसा. शीवचे रामदासमामा, जे स्वतःच्या बापाला रडले नव्हते, ते उपरण्यात तोंड खुपसून बसले. एक बाई तर जिन्यातून वर येतानाच रडायला लागल्या, आणि मागाहून कळलं की त्या चुकून आपल्याकडे आल्या होत्या. मी घाबरून मशीन बंद केली. वर गेलो तर हळूहळू सगळ्यांचे डोळे कोरडे झाले होते. बाबांचे झाले नव्हते. आत्या, ते स्मशानातही रडले नव्हते. भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि त्यांचे खांदे थांबत नव्हते. तेवढ्यात आतल्या पलंगावरून आजी उठून बसली आणि आईला म्हणाली, “चाय ठेव गे. मशीन थांबली, ते आता वर येतले.”

आईने चहा ठेवला. दुसरं काय करणार.

असो. सगळं ठीक आहे, काळजी नसावी, तुला यायचं नसेल तर येऊ नकोस.

तुझा,
धनेश

ता.क. : वर लिहिलंय ते खरं नाही. ये. बाबांनी गाळा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एकाला द्यायचं ठरवलंय. कागद काढले तेव्हा कळलं की तू गेलीस त्याच वर्षी नानांनी तो तुम्हा दोघांच्या नावावर करून ठेवला होता. कोणाला बोलले नाहीत. बाबा रविवारी कागद घेऊन तुझ्याकडे निघणार आहेत. रागाच्या भरात सही करून मोकळी होऊ नकोस.

ता.क. २ : तू डंक चालवलास तर मी हाताखाली राहीन. कुठेही जाणार नाही. (निदान मे संपेपर्यंत.)

ता.क. ३ : खाली कोणीतरी टॅक्सीवाल्याला झापतंय. थांब, गॅलरीतून बघतो.

आत्या, तू आहेस. बाबा अनवाणीच जिना उतरून धावलेत. तू वर बघतही नाहीस, गाळ्यासमोर उभी राहून त्यांच्यापुढे नुसता हात पसरलायस, आणि बाबा एकामागून एक खिसे चाचपतायत. चावी माझ्याकडे आहे. आलो.