धुराड्याची वीट

ताई,

तुझ्या पुस्तकामुळे आपल्या या उपनगराला भलताच भाव आलाय. सुट्टीच्या दिवशी लोक पुस्तक हातात धरून गल्लीत फिरतात आणि मी वाळत घातलेल्या चादरी बाजूला सारून घड्याळजीच्या दुकानाचे फोटो काढतात.

काल एक बाई थेट दारापर्यंत आल्या. दाराला टेकवलेली काळी वीट पाहून त्यांचे डोळे चमकले. "बेकरीचं धुराडं पाडलं तेव्हा लेखिकाबाईंनी उचलून आणलेली हीच का ती?"

तेव्हा तू सातासमुद्रापार होतीस, ताई. वीट मी उचलली, कपडे काळे करून घेतले, आणि फोनवर तुला सगळं सांगितलं. तू नुसतं "हं, हं" करत होतीस. मला वाटलं, कामात असशील. लिहून घेत होतीस होय!

मी म्हटलं, "हो, तीच."

"आणि तुम्ही?"

"तिची धाकटी बहीण. इथेच असते."

बाईंनी पानं चाळली. "पुस्तकात तुम्ही कुठे दिसत नाही हो."

अंगाचा नुसता तिळपापड झाला. आणि पुस्तक चांगलं आहे, हे तर जास्तच झोंबतं. धुराडं पडताना समोर उभी होते, तेव्हा डोळ्यांत टिपूस आलं नाही. तुझं वाचून रडले.

उद्या तुझा फोन येईल. "काय गं, गल्लीत नवीन काय?" मी म्हणेन, "काही नाही."

हे पत्र काही मी टाकणार नाही. तुझ्या हाती लागलं, तर पुढच्या आवृत्तीत माझा हेवासुद्धा तुझ्याच नावावर छापून येईल.

इथेच असणारी,
धाकटी