लुसियाच्या कपाळावरचं कुंकू

शुक्रवार, संक्रांतीचा आठवडा. आखातातलं अमवाज बेट.

आज हळदीकुंकवाला शेजारच्या लुसियालाही बोलावलं. ब्राझीलची ही बाई तरुणपणी रॉक बँडमध्ये बेंबीच्या देठापासून ओरडायची. मग रेडिओवर तिची हळवी गाणी गाजली. आता इथल्या हॉटेलात दुसऱ्यांची गाते. स्वतःचं लिहिणं बंद. का, ते मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं का?

कुंकू मीच लावलं. उखाण्यांची वेळ आली तशा आमच्या बायका मोबाईलमध्ये बघून म्हणायला लागल्या. लुसियाला सांगितलं, दोन ओळी म्हण, त्यात नवऱ्याचं नाव यायला हवं. तिने डोळे मिटले आणि पोर्तुगीजमध्ये अख्खं कडवंच रचून गायलं! शेवटी नाव आलं, पाउलो. आम्ही टाळ्या वाजवल्या.

"आमचा ड्रमर, माझा नवरा," ती म्हणाली. "तो गेल्यापासून काही सुचलंच नव्हतं."

म्हणजे नवरा वारलेला, आणि तिला सवाष्णीचं कुंकू मीच लावलेलं. समोर चिपळूणहून आलेल्या सासूबाई, रीतीभातीला कडक. त्यांना अर्थ सांगावाच लागला. त्या उठल्या. संपलं आता, म्हटलं. तर त्यांनी करंडा घेतला आणि लुसियाचं फिकट कुंकू पुन्हा ठसठशीत लावलं.

"नाव घेतलंन ना तिने? मग झालं तर!"

आत्ता हॉटेलातून लुसियाचा व्हिडिओ आला. कपाळावर तेच कुंकू, आणि तेच गाणं, आणखी एक कडवं जोडलेलं. सासूबाई चष्मा लावून बसल्यात.

"पुन्हा लाव गं. त्याचं नाव कुठे येतं ते आता कळतंय मला."