सीमारेषेवरची दोन पोरं

अब्बा,

काल शुक्रवारी मी आमच्या टीममधून स्वतःलाच वगळलं, आणि हे तुमच्याशिवाय कुणाला सांगावं ते कळेना. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. इथे कतारात, मेसईदला कंपनीच्या क्वार्टर्समागच्या मोकळ्या जागेत आम्ही टेनिस बॉलने क्रिकेट खेळतो, हे तुम्हाला कुठून ठाऊक असणार? जुम्म्याच्या नमाजाआधी उरकायचं म्हणून सकाळी सहालाच टॉस. अकरा जण निवडायची आमची रीत मोठी अजब आहे: कतारला जो आधी आला, त्याचं नाव आधी. त्यामुळे पन्नाशीचे भाईलोक पोटं सावरत जवळच्या जागा धरतात आणि दोन चपळ पोरं, एक माणगावचा, एक दापोलीचा, बाहेर पाण्याच्या बाटल्या राखत बसतात. कुणी आजारी पडला तरच त्यांना सीमारेषेवर उभं करायचं. महिन्यातून एकदा खेळणाऱ्याचा हात बसणार कसा? ती कॅच सोडतात, मग सगळे म्हणतात, बघ, म्हणून घेत नाही.

मी कॅप्टन. यंदा ठरवलं, या दोघांना सलग चार शुक्रवार खेळवायचं, सुटल्या कॅच तर सुटू देत. आमच्यातले सगळ्यांत जुने भाई तणतणले, "मी दोहात उतरलो तेव्हा ही पोरं रांगत होती." मी म्हटलं, "म्हणूनच भाई, आता ती धावतायत." दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. पहिल्या शुक्रवारी माणगावच्याने दोन कॅच सोडल्या, आम्ही हरलो. दुसऱ्याला एक सोडली, तरी हरलोच. तिसऱ्यालाही तेच. मग भाईंनी सांगून टाकलं, "चौथा हरलास तर पोरं बाहेर आणि तुझी कप्तानीपण खलास."

त्या आठवड्यात तुम्ही फार आठवलात. भात कापून झालेलं शेत, त्यावर आपल्या गावची टीम, तुम्ही कॅप्टन, मी पंधरा वर्षांचा. माझ्या हातून साधी कॅच सुटते, गाव हसतं, आणि तुम्ही लांबून ओरडता, "डोळे काय घरी ठेवून आलास?" मला वाटतं, संपलं आपलं. पण पुढच्या मॅचला तुम्ही मला तिथंच उभं करता. त्याच्या पुढच्यालाही. दुपारी स्वयंपाकघरात अम्मी तुमच्या ताटात बांगडा वाढत म्हणते, "स्वतःच्या पोराला खेळवतो म्हणून लोक बोलतायत." तुम्ही काटा काढत म्हणता, "पोराला नाय, फिल्डरला खेळवतोय." मी चुलीपाशी बसून ऐकत होतो. मला इतका आनंद झाला होता की जेवणच जाईना.

काल चौथा शुक्रवार. गावी गेलेला एक सोडून नेमके सगळे भाईलोक ठणठणीत हजर, म्हणजे मला आणि पोरांना धरून बारा. कुणाला काढू? मी स्वतःचं नाव खोडलं आणि बाटल्यांपाशी जाऊन बसलो. समोर उम्म सलाल मोहम्मद या गावची टीम. शेवटच्या चेंडूवर त्यांना चार धावा हव्या होत्या. त्यांच्या फलंदाजाने उंच उडवला. माणगावचा पोर पाठमोरा धावला, मान वळवली आणि दोन्ही हातांनी चेंडू छातीशी धरून धुळीत लोळला. भाईंना मी कधी धावताना पाहिलं नव्हतं, काल पाहिलं. त्यांनी पोराला उचललं, स्वतःची कंबर धरली आणि म्हणाले, "यल्ला, चला, पुढच्या शुक्रवारी हा इथंच." मग माझ्याकडे वळून, "आणि तू पण तिथंच बस." सगळे हसले. सर्वांत जास्त मी हसलो.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार, म्हणून एक गोष्ट लिहूनच ठेवतो. चेंडू वर होता तेव्हा क्षणभर मला वाटलं, सुटावा. कप्तानी गेली असती, पण अकरातली माझी जागा मला परत मिळाली असती. तुम्ही समोर असतात, तर हे तुम्हालाही सांगितलं नसतं.