फोटोखालची एक ओळ

१८ सप्टेंबर, सकाळी ७, लोह्याची एसटी
काल कॉलेजात मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं. नंतर स्टाफचा फोटो. पंधरापैकी चौदा जण कॅमेऱ्याकडे, आणि इतिहासाचे धम्मानंद सर एकटेच उजवीकडे, चहाचे कप वाजत होते तिकडे तोंड करून. मला सुचलं. फोटोवर लिहिलं, 'देशप्रेम एकीकडे, चहाप्रेम एकीकडे'. स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. तेरा हसरे चेहरे! त्यात प्राचार्य. वीस वर्षं मराठी शिकवतोय, एवढी दाद कधी नाही.
सर जन्मापासून दृष्टिहीन आहेत. पण जोक त्यावर नाही. जोक चहावर आहे.

त्याच दिवशी, दुपार
मधल्या सुट्टीत सर काठी टेकत माझ्या टेबलाशी आले. त्यांचा मोबाईल सगळं वाचून दाखवतो. म्हणाले, "संगमेश्वर सर, तुम्ही काय टाकलं हो? माझा फोन नुसता 'फोटो' म्हणतो, अन् मग तेरा वेळा 'आनंदाश्रूंचा चेहरा, आनंदाश्रूंचा चेहरा'. सगळे हसून राहिले, मलाच न्हाई कळलं."
मी म्हणालो, प्राचार्यांच्या खुर्चीत मांजर बसलंय.
सर लई हसले. चष्मा काढून डोळे पुसले. म्हणजे झाला ना त्यांना आनंद? झाला.

१९ सप्टेंबर
सरांनी विचारलं, मांजर कोणत्या रंगाचं. पांढरं, म्हणालो. प्राचार्यांचं तोंड कसं झालंय? रागीट, म्हणालो. तेवढं तरी खरं होतं.
सरांनी हा जोक बारावीच्या वर्गात सांगितला. पोरं हसली म्हणे. मला दुपारपासून छातीत जळजळ. डब्यातला ठेचा.
जाताना सर स्टाफरूममध्ये सगळ्यांनाच म्हणाले, "जोक टाका, पण खाली एक ओळ लिहीत जा, फोटोत काय हाय ते. मग मी बी तुमच्यासंगं हसतो." सगळे "हाव, हाव" म्हणाले. लिहिणार कोण? मी.
संकल्प: आजपासून ग्रुपवरच्या प्रत्येक फोटोखाली वर्णन. 'विनोद सर्वांसाठी' अभियान. पुढे जिल्हाभर. हे प्रायश्चित्त वगैरे नाही, समाजकार्य आहे.

२२ सप्टेंबर
पहिलं वर्णन. माकड मोटारसायकलवर बसलंय, असा फोटो. मी मागचं पिंपळाचं झाड, आभाळ, मोटारसायकलची ऐतिहासिक पार्श्वभूमी असं सगळं घेतलं. सर एसटीत म्हणाले, फोननं वाचायला घेतलं तेव्हा नांदेडचा स्टँड होता, माकड अर्धी वाट सरल्यावर सोनखेडला आलं. मला वाटतं कौतुकच असावं.

२३ सप्टेंबर
आता वर्णनं आखूड. बायकोवरच्या जोकचा फोटो आला होता. मी खाली लिहिलं, 'एक जाड बाई, हातात लाटणं, नवरा पलंगाखाली.' अर्थशास्त्राच्या शिवम्मा मॅडमनी लगेच विचारलं, "ही माझ्यावर लिहिली का?" हाच फोटो त्यांनी स्वतः दिवाळीत टाकला होता! प्राचार्यांनी टाकलेल्या फोटोखाली 'एक काळा, दात पुढे आलेला मुलगा' एवढंच लिहिलं, तर प्राचार्यांनी फोटोच डिलीट केला.
आठपैकी दोनच जोक ओळ लिहून टिकले. बाकीचे लिहिले की नुसतं कुणाला तरी चिडवल्यासारखं होतं. लोकांकडे फोटोच वाईट आहेत, त्याला मी काय करू?

२५ सप्टेंबर, संध्याकाळ
बायकोनं, मंजुषानं, माझ्या मोबाईलवर तो स्टाफचा फोटो बघितला. हे तिकडं तोंड करून कोण? धम्मानंद सर, म्हणालो. त्यांच्या शेजारी कोण होतं? मी होतो. रोज स्टँडपासून मीच हात धरून आणतो त्यांना. पण मधे प्राचार्यांजवळ जागा झाली, मी उंच, मधेच शोभतो. सरांचा हात सोडला, एवढंच.
मंजुषानं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "अहो, यात मांजर कुठंय?"
तिला मांजराचं मीच हौसेनं सांगितलं होतं.

२६ सप्टेंबर
संकल्प: उद्या एसटीत सरांना सगळं सांगून टाकायचं.

२७ सप्टेंबर
एसटीत गर्दी होती. अशा गोष्टी उभ्यानं सांगायच्या नसतात.

२९ सप्टेंबर
जागा मिळाली. शेजारीच बसलो. सोनखेडपर्यंत हवापाण्याचं बोललो. मी तोंड उघडलं तेवढ्यात सरच म्हणाले, "जुन्या फोटोखाली बी ओळी टाका ना. मांजराचा मी काल लुंबिनीला पाठवला. तिला मांजरं लई आवडतात."
लुंबिनी त्यांची मुलगी. आठवीत आहे. तिला चांगलं दिसतं.
उरलेला रस्ता मी खिडकीबाहेरच्या पाट्या वाचत आलो. वर्गात कविता शिकवायला घेतली आणि भलतीच वाचली.

३० सप्टेंबर
सर स्टँडवर उभे होते. मी हात धरायला गेलो. त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. आवाज नेहमीचाच. म्हणाले, "लुंबिनीनं पाहिला फोटो. ती हसली न्हाई. मला आधी सांगेना, मग रडायलाच लागली."
मी म्हणालो, सर, तसा उद्देश नव्हता.
"उद्देश राहू द्या. तुमचं अभियान हाय ना? त्याच्याखाली ओळ लिहा."
दिवसभर कुणी मला काही म्हणालं नाही. म्हणालं असतं तर बरं वाटलं असतं.

१ ऑक्टोबर
मसुदा एक: 'स्टाफचे एक अनौपचारिक क्षणचित्र.' खोडला.
मसुदा दोन: 'तांत्रिक कारणामुळे एक शिक्षक वेगळ्या दिशेस.' मंजुषाला दाखवला. ती म्हणाली, तांत्रिक कारण म्हणजे तुम्ही का?
पाचवा मसुदा:
'फोटोत पंधरा माणसं आहेत. चौदा कॅमेऱ्याकडे बघतायत. धम्मानंद सर दुसरीकडे तोंड करून उभे आहेत, कारण कॅमेरा कुठंय हे त्यांना कुणी सांगितलं नाही. ते माझं काम होतं. मी त्यांचा हात सोडून प्राचार्यांजवळ जाऊन उभा राहिलो. फोटोत मांजर नाही.'
वीस वर्षांत एवढं सरळ मराठी लिहिलं नव्हतं. उद्या दसरा. चांगला दिवस आहे, उद्या टाकतो.

२ ऑक्टोबर
सणाच्या दिवशी कुणी मोबाईल बघत नाही. उद्या.

३ ऑक्टोबर, सकाळी १०
टाकली. डोळे मिटून टाकली. फार हलकं वाटलं. मग ग्रुपचे वरचे मेसेज बघितले. काल सकाळचीच नोंद होती, धम्मानंद सरांनी ग्रुप सोडला.
म्हणजे ओळ वाचली ती बाकीच्या तेरा जणांनी. त्यांना फोटो दिसतोच.

त्याच दिवशी, ११ वाजता
कॉलेजला सुट्टी, मी घरीच. मंजुषा म्हणाली, फोन करा. केला. सरांनी लगेच उचलला. म्हणालो, ओळ लिहिली सर. ते म्हणाले, "वाचा."
वाचली. 'हात सोडून' पाशी अडखळलो, पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग सर म्हणाले, "बरोबर लिहिली. आता यात तेरा माणसं कशाला हसली, तेवढं समजावून सांगा. मला खरंच कळलं न्हाई."
मी सांगायला गेलो. चहा, म्हणालो. कप, म्हणालो. पुढं शब्द येईना. सर लाइनवर थांबून राहिले होते, त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी म्हणालो, सर, आवाज तुटतोय, रेंज नाही इथं.
आणि फोन ठेवला.
रेंज फुल होती.