दिलीप आमच्याच बराकीत आला

रायपूर जेल, ८ मार्च २००६

अपर्णाताईले बुद्धभूषणचा जय भीम.

मी ठीक आहे. शिलाईच्या कामात हात बसला आहे. गिनतीच्या घंटीआधीच जाग येते. आईचे गुडघे कसे आहेत?

ताई, भनपुरीच्या गोदामातला दिलीप, ज्याच्या खोट्या साक्षीनं मी तीन वर्षं इथं सडून राहिलो, तो दुसऱ्या चोरीत पकडल्या गेला. आमच्याच बराकीत आला. मले पाहून रडला. "भैया, मैं कहाँ सोऊँ?"

मी त्याले संडासाजवळची जागा दाखवली. पाणी कधी भरायचं, कोणापासून दूर राहायचं, हे नव्या माणसाले सांगा लागते. मी एक शब्द सांगितला नाही.

सातव्या दिवशी त्यानं हात जोडले. मी म्हटलं, "गोदामाचं कुलूप खरं कोणं तोडलं ते लिहून दे, मग सगळं शिकवतो." त्यानं लिहून सही केली. कागद वकिलाकडे गेला. मी सुटीन, असं वकील म्हणते.

"अब तो माफ किया न, भैया?" दिलीपनं विचारलं.

मी म्हटलं, "नाही. बाबा गेले तेव्हा मी इथं होतो."

हे आईले सांगू नको. ती माफ कर म्हणीन, अन् तिचं मले ऐका लागन.

तुझाच,
बुद्धभूषण