टोमॅटो आणि सासूबाई

२५ ऑगस्ट, सोमवार

आज परत बादलीभर टोमॅटो! कालचे अजून ओट्यावर पडलेत. बी हिनंच जपून ठेवलेलं. ही हिवाळ्यात गेली, आणि थंडी सरल्यावर सासूबाईंनी मला न विचारता सगळं पेरून टाकलं. लेकीच्या आजारपणात आल्या त्या राहिल्याच. आता इकडचा, परदेशातला उन्हाळा संपत आला आणि आम्ही दोघं टोमॅटोत बुडालोय.

संध्याकाळी मेव्हण्याचा फोन. सासूबाईंनी घेतला. "रविवारी येतोय. बोलायचंय म्हणाला."

न्यायलाच येणार. ही गेली तेव्हाच म्हणाला होता, "भावोजी, आईला मी घेऊन जाईन. तुमच्या गळ्यात नको."

२६ ऑगस्ट, मंगळवार

सकाळपासून माझी शाळा सुरू. "शिकून घ्या. मी गेल्यावर सगळं सडवाल." टोमॅटो उकळत्या पाण्यात, साल फाटली की लगेच गार पाण्यात, मग सोलायचे. माझ्या हातून सालीबरोबर अर्धा टोमॅटो गेला.

"साल काढायला सांगितलंय," म्हणाल्या. "सूड उगवायला नाही."

खूप दिवसांनी हसलो.

२७ ऑगस्ट, बुधवार

काकड्या व्हिनेगरमध्ये घातल्या. स्वयंपाकघरभर वाफ. दोघांच्याही डोळ्यांना पाणी. व्हिनेगरवर ढकललं.

२८ ऑगस्ट, गुरुवार

पाठ धरलीय. भोपळे वेलावरच राहू देत.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

बरण्यांची झाकणं संपली म्हणून दोघं बाजारात गेलो. दुकानदारानं मला विचारलं, "आई का?" मी तोंड उघडायच्या आत सासूबाईच म्हणाल्या, "हो. आणि झाकणं मोठी दाखवा."

येताना गाडीत सांगायचं होतं — जाऊ नका. जीभच वळेना. सख्खा मुलगा नेतोय. अडवणारा मी कोण? जिच्यामुळे जावई झालो, तीच राहिली नाही.

पुढच्या आठवड्यात शाळा उघडतील. मी दिवसभर स्कूलबस चालवणार. घरी यायचं ते कुणासाठी?

३० ऑगस्ट, शनिवार

बोललो. झाकणं आवळता आवळता बोललो.

"आई, नका जाऊ."

त्या बरणी पुसत राहिल्या. "तो मुलगा आहे माझा. न्यायला आला तर नाही कसं म्हणू?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला कोण विचारतंय."

"मी विचारतोय."

टोपली घेऊन बागेत गेल्या. बराच वेळ शेंगा तोडत होत्या. वेलावर तेवढ्या शेंगा नव्हत्या. आल्यावर डोळे लाल. जेवताना माझ्या ताटात दोनदा भाजी वाढली.

३१ ऑगस्ट, रविवार

मेव्हणा आला. दोन मोठ्या बॅगा, उशी आणि टेबलफॅन घेऊन. बायकोशी काडीमोड होतोय. आईला न्यायला नव्हे, स्वतःच राहायला आलाय. दारातच उभा. "आई, थोडे दिवस राहू?"

"घर जावयाचं आहे. त्यांना विचार."

मी म्हटलं, "आत ये. जेवलास का?"

सासूबाईंनी आपली भरून ठेवलेली पेटी उचलली, आतल्या खोलीत नेली आणि साड्या परत कपाटात लावायला लागल्या.