शेजारचे रकाने

प्रिय बारक्या,

आधी पोटभर हसून घे, कारण तुझी ताई तुला संगणक शिकवायला निघाली आहे. माउस उलटा धरला म्हणून जिला तू आठवडाभर चिडवलंस, ती आता संध्याकाळच्या क्लासला जाते आणि तीन महिन्यांत दोन वह्या भरून बसली आहे. मावशी सांगत होती, तू गोदामात खोकी उचलतोस आणि कोणी संगणकाचं नाव काढलं की उठून जातोस. दोन वर्षं झाली, घरी पाऊल नाही. म्हणून हे न मागितलेले सल्ले. सकाळपासून माझा पाय एका जागी ठरत नाही. हे पत्र तिसऱ्यांदा लिहायला घेतलं आहे.

तर ऐक. क्लासच्या बाई म्हणतात, दुसऱ्याचा प्रोग्राम नुसता बघू नका, स्वतः टाइप करा, मग मुद्दाम एक ओळ मोडा आणि काय बिघडतं ते पाहा. मला हे भलतंच आवडलं. मोडण्यात मी पहिल्यापासून हुशार. माझा पहिला प्रोग्राम फक्त आज दुकान उघडं आहे का एवढंच सांगतो. रविवारीही उघडं सांगायचा, ते दुरुस्त करायला दोन दिवस गेले. फायलींना 'नवीन', 'नवीन २', 'एकदम नवीन' अशी नावं न देता तारीख घालायची. कामाला लागण्याआधी प्रत काढून ठेवायची. आणि पडद्यावर चौकट आली की आधी वाचायची, मगच बटण दाबायचं. हे शेवटचं मी वहीत तीनदा लिहिलंय.

अण्णा बरे आहेत. भिंगं अजून स्वतःच घासतात, चष्म्याच्या नंबराच्या चिठ्ठ्याही हातानेच लिहितात. तुझ्या प्रोग्रामने चाळीस गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या छापल्या आणि सगळ्यांना एकमेकांचे नंबर गेले, ते त्यांच्या डोक्यातून जात नाही. शिंपीणकाकू नवा चष्मा लावून जिन्यावरून पडल्या, आठवतं ना? तू जेवणखाण सोडून तीन दिवस एकेक ओळ तपासलीस आणि म्हणत राहिलास की प्रोग्राम बरोबर आहे. जुनी कार्डं ताडून बघायला मागितलीस, तर अण्णांनी ती कुलपात टाकली आणि भर दुकानात म्हणाले, "मग चष्मे काय आपोआप चुकले? याच्या हाती पुन्हा दुकान नाही." संगणक चादरीत गुंडाळून माळ्यावर गेला आणि दुसऱ्या दिवशी तू गेलास.

निघताना तू मला विचारलं होतंस, "ताई, संगणकातल्या नंबरांच्या शीटला तू हात लावला होतास का?" मी नाही म्हटलं.

गेल्या आठवड्यात बाईंनी सॉर्ट शिकवलं. नावं अकारविल्हे लावताना सगळे रकाने सोबत घ्या म्हणाल्या, नाहीतर नावं हलतात आणि शेजारचे आकडे जागच्या जागी राहतात. संगणक चौकट दाखवून तसं विचारतोही. ती चौकट मी पाहिली होती. चिठ्ठ्या छापायच्या आदल्या दुपारी, तुझी यादी नीटनेटकी दिसावी म्हणून मी फक्त नावं ओळीने लावली होती. चौकट न वाचताच नको म्हटलं आणि शीट सेव्ह केली. एवढ्याला हात लावणं म्हणतात, हे मला खरंच कळलं नव्हतं रे.

काल अण्णा बाहेर गेल्यावर कुलूप उघडून जुनी कार्डं घेतली आणि संगणक माळ्यावरून खाली काढला. कार्डांवरून चाळीस जणांचे नंबर पुन्हा भरले आणि तुझा प्रोग्राम, एकही ओळ न बदलता, चालवला. चाळीसच्या चाळीस चिठ्ठ्या बरोबर आल्या. त्यानंतर मला जेवण गेलं नाही.

मेसेज केला असता तर पाचव्या मिनिटाला पुसला असता, माझा मला भरवसा नाही. म्हणून हे कागदावर. अण्णांना अजून सांगितलेलं नाही. आधी हे पत्र समोरच्या टपालपेटीत टाकते, म्हणजे मागे फिरता येणार नाही, आणि मग त्या चिठ्ठ्या घेऊन त्यांच्यापुढे उभी राहते. गिऱ्हाइकं असतील तर असू देत. तुझा प्रोग्राम बरोबर होता, हेही भर दुकानातच सांगायला हवं.

रागावलेला असलास तरी तुझीच,
ताई